नाक दाबलं की तोंड उघडतं

कॅलिफोर्नियातल्या तंत्रज्ञांना अलीकडे एक मोठा शोध लागला आहे. माणसाला नाक असतं. त्यावर कातडी असते, ती घामेजते, आणि तिच्यावर दिवसभर काही ठेवून दिलं तर ती दुखते. हा शोध लागायला बारा-तेरा वर्षं गेली आणि अब्जावधी डॉलर खर्ची पडले. घाटकोपरच्या कुठल्याही आजीने तो दोन मिनिटांत आणि फुकट सांगितला असता, पण आजींना कोण विचारतो? त्यांच्याकडे पीएच.डी. नसते, नुसतं नाक असतं.

विषय स्मार्ट चष्म्यांचा आहे. कॅमेरा, माइक, स्पीकर, बॅटरी आणि थोडीफार अक्कल, असं सगळं काड्यांत कोंबलेला चष्मा. तो तासन्‌तास घालून राहता आलं पाहिजे, यावर सध्या जगभरचे इंजिनिअर डोकं खाजवताहेत. कारण उघड आहे. चष्मा तुमच्या नाकावर नसेल तर तो तुमचं काही बघणार नाही, काही ऐकणार नाही, आणि मग एवढा खटाटोप केला कशाला?

इतिहास वजनाचा आहे, तेव्हा तो ग्रॅममध्येच सांगतो. 2013 साली गूगल ग्लास आला. किंमत 1500 डॉलर. वजन तसं बेताचं, पण सगळा संसार उजव्या बाजूला: उजव्या डोळ्यापुढे इवलासा पडदा, उजव्या काडीत मेंदू, उजव्या कानामागे बॅटरी. डाव्या कानाला काहीच काम नव्हतं. लोक हसले, हॉटेलवाल्यांनी बंदीच्या पाट्या लावल्या, आणि जानेवारी 2015 मध्ये गूगलने सामान्य गिऱ्हाइकांना तो विकणं बंद केलं. पुढे आपल्या मुंबईच्या रिलायन्सने 15 जुलै 2020 ला, वार्षिक सभेत, जिओग्लास दाखवला. 75 ग्रॅम. दिवस लॉकडाऊनचे. कानामागे मास्कचे दोन पट्टे आणि साध्या चष्म्याच्या दोन काड्या आधीच दाटीवाटीने बसल्या होत्या. तिथे तिसरं बिऱ्हाड आणायची कल्पना ज्याला सुचली, तो लोकलने नक्की जात नसणार. ऑगस्ट 2025 च्या सभेत त्याच घराण्याने जिओफ्रेम्स दाखवल्या. मधल्या काळात मेटाने रे-बॅनशी सोयरीक केली आणि मे 2025 मध्ये ती वरात भारतात आली. तेव्हा किंमत 29,900 रुपयांपासून पुढे, वजन साधारण 50 ग्रॅम. काचेत पडदा असलेलं त्यांचं अमेरिकेतलं मॉडेल 69 ग्रॅमचं आहे, आणि 2024 मध्ये कौतुकाने दाखवलेला ओरायन नावाचा नमुना 98 ग्रॅमचा होता. साधा, प्लास्टिकच्या काचांचा हलका चष्मा वीस-पंचवीस ग्रॅममध्ये भागतो.

आता पन्नास ग्रॅम हातात घेतले तर कळतही नाहीत. नाकावर पाच मिनिटं ठेवले तरी कळत नाहीत. दुकानातल्या आरशासमोर माणूस पाच मिनिटंच उभा राहतो आणि तेवढ्यात कार्ड स्वाइप होतं. नाकाचं म्हणणं सुरू होतं साधारण तिसऱ्या तासाला, म्हणजे बिल फाटल्यावर.

जाहिरातीत वजन सांगतात. ते बसतं कुठे, हे कोणी सांगत नाही. चष्म्याचा बराचसा भार नाकाच्या दोन्ही उतारांवरच्या नखाएवढ्या दोन जागा उचलतात. कॅमेरा पुढच्या कोपऱ्यात, काचा पुढे, म्हणजे चष्मा पुढे जड. पुढे जड म्हणून घसरतो. घसरतो म्हणून काड्या आतल्या बाजूला आवळायच्या. आवळल्या की कानशिलं ठणकतात. कानशिलं ठणकतात म्हणून सैल करायच्या, की पुन्हा घसरतो. त्यात काडीच्या आत चिप आणि बॅटरी, म्हणजे व्हिडिओ लांबला की कानशिलाला वरून ऊबही. मार्गशीर्षात बदलापूरला ही सोय म्हणून विकता येईल. अंधेरीत ऑक्टोबरमध्ये नाही.

काही कंपन्यांनी शहाणपणा करून बॅटरी काडीच्या पार टोकाला, कानामागे नेली. मागचं वजन पुढच्या वजनाला तोलतं आणि नाकावरचा भार हलका होतो. या कल्पनेचं परदेशी मासिकांतून भरपूर कौतुक झालं.

आपल्याकडे मात्र हे काम सोनारांनी कधीच निकालात काढलंय. नाकापेक्षा मोती जड अशी म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेतल्या बायकांनी नुसती म्हण करून सोडून दिली असेल असं वाटतं का तुम्हाला? नथ जड झाली की तिला बारीक साखळी किंवा काळा दोरा लावायचा आणि तो केसांत अडकवायचा. भार नाकावरून उतरून डोक्यावर. जड झुबे घालायचे तर कानाच्या पाळीवर सगळं ओझं ठेवायचं नाही. मोत्यांचा वेल कानावरून वर नेऊन केसांत खोवायचा. म्हणजे पाळी ओघळत नाही, आणि वर दागिन्यात एका दागिन्याची भर. आधार द्यायचा तो लपवून द्यायचा नाही, मिरवायचा! ज्यांचं नाक टोचलेलं नाही त्यांच्यासाठी प्रेसची नथ. मुंजीपासून रिसेप्शनपर्यंत बायका हे सगळं घालून बारा-बारा तास वावरतात, पंगतीत वाढतात आणि फोटोत हसतात. दीर्घ वेळ घालण्याची चाचणी म्हणतात ती याहून कडक कुठल्या लॅबमध्ये होणार?

आणि गंमत बघा. अंधेरी पूर्वेला सीप्झ नावाचं निर्यात केंद्र आहे. 1973 साली ते निर्यातीच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी म्हणून उभं राहिलं, नाव तसंच ठेवलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे हिरे-दागिन्यांना परवानगी मिळाली. तेव्हापासून एकाच फाटकातून सर्किटवाले आणि दागिनेवाले आत जातात. एकीकडे चिप, दुसरीकडे अंगठीची आतली कड बोटाला लागू नये म्हणून तासन्‌तास घासणारा कारागीर. स्मार्ट चष्मा म्हणजे नेमकी या दोन खात्यांची संयुक्त जबाबदारी. पण जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एकमेकांना डबा दाखवला असेल तर शप्पथ.

सीप्झपासून पवई काही लांब नाही. तिथे आयआयटीत 1969 पासून डिझाइन शिकवणारी आयडीसी आहे. तिथून शिकून गेलेल्या प्रणव मिस्त्रीने 2009 मध्ये, एमआयटीत असताना, ‘सिक्स्थ सेन्स’ नावाची भानगड जगाला दाखवली होती. कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर एकत्र, आणि ते नाकावर न ठेवता सरळ गळ्यात टांगलेले. हातावर, भिंतीवर, वर्तमानपत्रावर चित्र उमटायचं. नाक मोकळं, कान मोकळे. ते बाजारात काही आलं नाही. पण ओझं कुठे टांगावं याची जाण त्यात होती. गळ्याला आपल्याकडे ओझ्याची सवयही जास्त. डब्याच्या पिशवीचा पट्टा आणि ऑफिसच्या आयकार्डाची दोरी असताना अजून एकाने काय बिघडतं?

लॅबमध्ये एसी असतो. खुर्ची असते. चाचणी देणारा माणूस सरळ बसतो आणि ‘आपल्याला कितपत आरामदायी वाटलं’ या रकान्यात खूण करतो. त्याला बोरिवलीला आणा. सकाळची फास्ट. तीन माणसांच्या बाकावर चौथा म्हणून अर्ध्या मांडीवर बसवा, किंवा दांडीला लटकवा. एक हात वर, एका हातात बॅग, नाकावर घाम, आणि चष्मा खाली यायला लागला आहे. वर करायला हात कुठून आणायचा? इथला सराईत प्रवासी मान मागे टाकतो, नाक आक्रसतो आणि दंडाने चष्मा वर ढकलतो. ही हालचाल कुठल्याही पेटंटमध्ये नाही. पंचवीस ग्रॅमच्या चष्म्याला ती चालते. पन्नास ग्रॅमचा चष्मा मात्र दंड लागताच शेजारच्याच्या खांद्यावरून खाली जातो, आणि अंधेरी आल्याशिवाय तो उचलायला वाकायची सोय नसते. वाकलात तर जोगेश्वरीलाच उतरवले जाल.

एसी लोकल आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. 25 डिसेंबर 2017 पासून, आणि पहिली सुटली तीही बोरिवलीहूनच. तिच्यातून जूनमध्ये अंधेरीला उतरलं की काचांवर अशी वाफ धरते की पुढचा पूल, जिना आणि जिन्यावरचा तुंबलेला माणूस, सगळं एकजीव होतं. साधा चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला की झालं. तीस हजारांचा चष्मा शर्टाला पुसायचा नाही, त्याचं वेगळं फडकं येतं. ते फडकं डबीत असतं. डबी चार्जिंगला घरी.

घाटकोपरला मेट्रोत वेगळीच मजा. जून 2014 पासून ही गाडी वर्सोवा आणि घाटकोपर यांना बांधून आहे, आणि संध्याकाळी तिच्यात शिरणं हे अजून कौशल्याचं काम आहे. अशा गर्दीत एकाच्या नाकावर स्मार्ट चष्मा. हे चष्मे आवाजानेही चालतात, म्हणजे नाक दाबलं की तोंडही उघडतं. साकीनाक्याला तो हवेत बघून खणखणीत म्हणाला, ‘टेक अ पिक्चर.’ समोरच्या मावशींनी आधी पदर सावरला, मग त्याच्याकडे असं पाहिलं की चष्म्याने जर ते टिपलं असेल तर तो फोटो त्याने जपून ठेवावा. चष्म्याला बारीक दिवा असतो, कॅमेरा चालू असताना तो पेटतो, हे खरं. मेट्रोतल्या मावशींनी तो दिवा ओळखावा अशी कंपनीची अपेक्षा दिसते. घालणाऱ्याला आराम वाटावा म्हणून सिलिकॉनची पॅडं आली, टायटॅनियमच्या बिजागऱ्या आल्या. त्याच्यासमोर बसणाऱ्याच्या आरामावर अजून एकही ग्रॅम खर्च झालेला नाही.

पुन्हा नाकाकडे येऊ. नाक सगळ्यांचं सारखं नसतं ही गोष्ट चष्म्याच्या कंपन्यांना माहीत आहे, बुटक्या दांडीच्या नाकासाठी त्यांची वेगळी फ्रेमही असते. आपल्याकडे अहमदाबादच्या एनआयडीने 1997 साली देवकुमार चक्रवर्तींचं भारतीयांच्या अंगाच्या मापांचं पुस्तक काढलं, का तर खुर्चीपासून हेल्मेटपर्यंत वस्तू आपल्या मापाने बनाव्यात. पण मुंबईच्या एका डब्यात एकाच वेळी चाफेकळी, नकटं, बसकं, पोपटाच्या चोचीसारखं आणि गणपतीच्या वर्गणीला पुढे येणारं, असली सगळी नाकं असतात. या सगळ्यांसाठी सगळ्यांत खपणाऱ्या स्मार्ट चष्म्याचे आकार दोन: साधा आणि मोठा. आणि नंबर? त्या मॉडेलला कंपनी स्वतः उणे 6 ते अधिक 4 एवढ्याच नंबरच्या काचा घालून देते. उणे 9 वाल्याने काय करायचं? त्याने स्मार्ट व्हायचं नाही. ज्याचं आयुष्यच चष्म्याच्या मागे गेलं, जो सकाळी डोळा उघडल्यावर पहिल्यांदा चष्मा चाचपडतो आणि रात्री दिवा घालवून मगच काढतो, दिवसभर चष्मा घालण्यातला सगळा अनुभव ज्याच्या गाठीशी, नेमका तोच रांगेबाहेर.

बरं, घालायचा तरी कशासाठी दिवसभर? याचं उत्तर ऑक्टोबर 2025 मध्ये बीकेसीला मिळालं. तिथल्या फिनटेक मेळ्यात चष्म्यातून यूपीआय लाइटने पैसे देण्याची सोय दाखवली गेली. क्यूआर कोडकडे बघायचं, बोलायचं, पैसे गेले. हजार रुपयांच्या आतला व्यवहार. म्हणजे वडापावच्या गाडीवर खिशातून फोन काढायचे जे अपार कष्ट आपण आजवर उपसत होतो, ते संपले. त्यासाठी नाकाने दिवसभर पन्नास ग्रॅम वाहायचे. नाकाला विचारलं तर ते म्हणेल, हातालाच सांगा की. हात रिकामाच आहे, त्यात वडापाव तर यायचाय अजून.

मात्र एक गट असा आहे की ज्यांच्यासाठी हा प्रश्न खरोखरच मोलाचा आहे, आणि त्यांच्याबद्दल तिरकं लिहायला माझा हात रेटत नाही. लोकलच्या डब्यात पिना, रुमाल, गोळ्या विकत फिरणारे अंध विक्रेते आपण रोज बघतो. दिसत नाही अशा माणसाला पाटी वाचून दाखवणारा, नोट ओळखणारा, समोर जिना आहे की भिंत ते सांगणारा चष्मा ही हौस नाही. गूगलने कारखाने-ऑफिसांसाठी काढलेल्या ग्लासच्या चौकटीवर नेदरलँड्सच्या एन्व्हिजन कंपनीने अंधांसाठी वाचणारा चष्मा केला. लोकांनी त्यावर भरवसा ठेवला, आणि मार्च 2023 मध्ये गूगलने ती चौकट विकायचंच थांबवलं. ‘बी माय आइज’ ही डेन्मार्कमध्ये सुरू झालेली सेवा, जिच्यात डोळस स्वयंसेवक कॅमेऱ्यातून बघून अंध माणसाला समोरचं सांगतात, आता मेटाच्या चष्म्यांवर आली आहे. अशा माणसाला चष्मा खुपला म्हणून काढून ठेवणं परवडत नाही. त्याच्या एका हातात काठी असते, दुसरा दांडीला किंवा कोणाच्या तरी खांद्यावर. वजन कुठे बसावं, दिवसाच्या शेवटी कानामागे काय होतं, घामाने पॅड सरकतं का, हे सगळं याच माणसांना आधी विचारायला हवं. जाहिरातीत मात्र समुद्रकिनारी सायकल चालवणारी बाई.

बॅटरीचं तेवढं सांगून टाकतो. पहिल्यांदा भारतात आलेलं मॉडेल एका चार्जिंगवर सुमारे चार तास चालायचं. बोरिवली ते चर्चगेट जाऊन-येऊन आणि मधलं ऑफिस धरलं तर बारा तास होतात. म्हणजे चहाच्या सुट्टीपर्यंतच चष्म्याचा जीव जायचा आणि नाक आपसूक सुटायचं. नवीन मॉडेल आठ तासांचं वचन देतं. याला प्रगती म्हणतात.

या सगळ्यावर मी पाहिलेला सर्वांत जाणता माणूस मुलुंड पश्चिमेला स्टेशनजवळच्या गल्लीत बसतो. दुकान दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरतं. काउंटरवर बारीक पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि एक छोटा हीटर, त्याच्या वाटीत गरम वाळू. माझ्या पुढे एक बाई होत्या, चष्मा एका बाजूला कलतो म्हणून आलेल्या. काकांनी तो उलटा करून काउंटरच्या काचेवर ठेवला. चार टोकांपैकी तीन टेकली, डाव्या काडीचं टोक अधांतरी. त्यांनी बाईंकडे पाहिलं, म्हणजे डोळ्यांकडे नव्हे, कानांकडे. ‘तुमचा डावा कान जरा वर आहे, ताई. देवाने दिलाय, आपण काडी वाकवू.’ काडी वाळूत खुपसली, मऊ झाल्यावर अंगठ्याने टोक किंचित आत आणि खाली वळवलं, पाण्यात बुडवलं, घातलं. मग कानामागे बोट फिरवून बघितलं, कुठे हाडाला टोचतंय का. नाकावरची दोन्ही पॅडं पक्कडीने केसभर उघडली. बाईंनी मान हलवून बघितली, खाली वाकून बघितलं. पैसे विचारले तर काका म्हणाले, ‘याचे कसले पैसे?’

त्यांच्यामागून एक तरुण आला. ऐरोलीला आयटीत असावा, गळ्यात दोरी तशीच होती. त्याने नाकावरचा स्मार्ट चष्मा काढून पुढे केला. नाकावर दोन लाल वळ.

‘काका, जरा कानामागे वळवून द्या ना. सारखा घसरतो. डोकंपण दुखतं.’

काकांनी चष्मा तळहातावर तोलला, काडी दाबून पाहिली. ती जाड आणि सरळसोट.

‘ही कुठे वळवू, बाळा? आत काय काय भरलंय.’

‘गरम करून थोडीशी?’

‘वाळूत घालू? बॅटरी आहे ना रे यात. दुकान माझं आहे, भाड्याचं असलं म्हणून काय झालं.’

‘मग काय करायचं?’

‘तूच थोडा वाकड्या मानेने बस. चष्मा काही बदलत नाही, मग माणसानेच बदलायचं. सवय होते.’

तरुण हिरमुसला. एवढ्याशा दुकानात मी तिसरा उभा होतो, तेवढ्यात मला वाटून गेलं की काकांनी कंपनीचं माहितीपत्रक एका वाक्यात लिहून दिलं. मग त्यांनाच दया आली असावी. खणातून त्यांनी पारदर्शक सिलिकॉनचे दोन आकडे काढले, खेळताना चष्मा पडू नये म्हणून लहान मुलांच्या चष्म्याला लावतात ते. काड्यांच्या टोकांवर ताणून बसवले. जाड काडीवर नीट जाईनात, तर तोंडाने फुंकर मारून, बोटाने ओढून जाऊ दिले. चष्मा त्याच्या कानावर अडकवून दोन्ही बाजूंनी हलवून पाहिला.

‘आता घसरणार नाही. दुखेल, पण घसरणार नाही.’

‘किती झाले?’

‘चाळीस.’

भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलेला होता. तरुणाने त्याच्याकडे पाहिलं, खिशातून फोन काढला आणि स्कॅन केला.